33 चे टायर टाकल्यापासून गाडी ओढंना, क्लच सारखा जळतोय : क्राऊन-पिनियनचा रेशो कसा काढायचा

हा प्रॉब्लेम मला दीड वर्ष पुरला म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी पिकअप नाहीतर जीप लिफ्ट करून, म्हणजे बॉडी वर उचलून, मोठे टायर टाकलेत आणि तेव्हापासून गाडी मेल्यागत चालतीय, त्यांनी इंजिन उघडायच्या आधी हे एकदा वाचा. डिफ्रन्शल म्हणजे दोन चाकांच्या मधला ॲक्सलवरचा गिअरचा गोळा, साफ्ट म्हणजे त्याला फिरवणारा गाडीखालचा लांब दांडा, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे त्या गोळ्यातले दोन गिअर, साफ्टच्या टोकाचा लहान पिनियन आणि त्यानं फिरणारा मोठा क्राऊन. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गणित सगळ्या गाड्यांना एकच आहे, आणि चूक कंपनीची नव्हती, टायर मीच बदलले होते.

आमचं केजला ठिबकचं दुकान आहे. गाडी डिझेल, फोर बाय फोर पिकअप, पाच गिअरची. पावसाळ्यात पाणंद रस्त्यानं शेतात पाइप पोचवायचे म्हणजे काळ्या मातीचा चिखल, ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि मधला उंचवटा डिफ्रन्शलला घासायचा. दोनदा तर बैलजोडी लावून काढली गाडी. म्हणून लिफ्ट केली आणि 235/75 आर 15 चे टायर काढून 33 बाय 12.5 आर 15 चे, म्हणजे 33 इंच उंचीचे, मड टायर टाकले. इथंच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बऱ्याच जणांचा घोळ होतो. लिफ्टनं चेसिस आणि बॉडी वर जाते, डिफ्रन्शल जागेवरच राहतं. डिफ्रन्शल वर जातं ते फक्त टायरनं, तेही टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मं. टायर चार इंचानं मोठा झाला तर डिफ्रन्शल दोन इंच वर. रेशोचंही तसंच आहे, लिफ्टनं रेशो बिघडत नाही, टायरनं बिघडतो. नुसती लिफ्ट करून जुनेच टायर ठेवले असतील आणि गाडी ओढत नसेल तर तुमचा आजार वेगळा आहे. आणि लिफ्टनंतर ठरावीक स्पीडला खालून थरथर येत असेल तर तो पिनियनच्या अँगलचा आणि साफ्टच्या जॉइंटचा विषय, रेशोचा नाही.

चिखलात गाडी मस्त झाली, त्यात काही वाद नाही. पण डांबरीवर काय झालं ते सांगतो. पाचव्या गिअरला गाडी टिकंना. 90 ला चाललोय, समोर साधा चढ आला की जीव सोडायची, चौथा टाकावा लागायचा. संभाजीनगरहून माल भरून येताना बीडपर्यंत कसंतरी यायचो, पण पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला की आधी जिथं तिसऱ्यावर चढायची तिथं दुसरा, आणि टेंपरेचरचा काटा वर. गोदामाच्या उतारावर रिव्हर्स घेताना क्लचचा वास यायचा. आणि मीटरप्रमाणं ॲव्हरेज 13 वरून साडेनऊवर आलं.

मग सुरू झालं नेहमीचं. पहिल्यांदा क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली, चार महिने बरं वाटलं, परत वास. एका गॅरेजनं इंजेक्टर साफ करायला लावले. दुसऱ्यानं सांगितलं टर्बोचा पाइप लीक आहे, तो बदलला. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला. मग दुसरी क्लचप्लेट. प्रत्येक जण जे दिसत होतं ते दुरुस्त करत होता आणि कुणी खोटं काम केलं असंही नाही म्हणणार मी, पण टायरकडं कुणी बघितलंच नाही, आणि मीपण नाही, कारण टायर तर नवीन होते आणि दिसायला भारी होते.

शेवटी अंबाजोगाईच्या एका जुन्या उस्तादांकडं गाडी नेली. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. विचारलं, "जुने टायर कुठंयत?" म्हणलं शेडच्या पत्र्यावर पडलेत. म्हणले, "भैया, ते पाची टायर लाव, तेवढाच माल भर, त्याच घाटात जाऊन ये. इंजिनला कशाला बदनाम करतो उगं."

जुने टायर लावले, तेवढाच माल भरला, घाट चढलो. तिसऱ्या गिअरवर, काटा जागेवर. तीच क्लचप्लेट, तेच इंजेक्टर. माझं सगळं निदान त्या एका चकरेत झालं.

तुमच्याकडं जुने टायर नसतील तर दुसरी टेस्ट आहे, फुकटची. सपाट रस्त्यावर पाचव्यात 80-90 ला चालवा, मग त्याच स्पीडला चौथा टाका. चौथ्यात गाडी एकदम जिवंत झाली, ॲक्सिलेटर दिला की लगेच उचलतेय, तर इंजिन बरोबर आहे आणि ते फक्त चुकीच्या आरपीएमवर चालतंय. पण चौथ्यातपण मरगळलेली असेल, काळा धूर सोडत असेल, तर मग फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टर हे बघा, रेशोच्या नादी लागू नका. ही टेस्ट करायच्या आधी कृपा करून एक रुपयापण खर्चू नका.

आता हे होतं का, ते साध्या भाषेत. क्राऊन-पिनियनचा रेशो 3.73 म्हणजे साफ्ट 3.73 वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त लांब जाते, म्हणजे इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला जास्त काम. सायकलवर पुढचं मोठं चक्र टाकून चढ चढायला लागावं तसं. सगळेच गिअर एकदम लांब होतात, पहिला पण, रिव्हर्स पण. म्हणूनच उठताना क्लच जास्त वेळ घासून धरावा लागतो आणि तो जळतो. आणि डिझेल इंजिनाची ताकद एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच असते, माझ्या इंजिनाची 1800 ते 2200 मध्ये, त्याच्या खाली गेलं की पाय पूर्ण दाबला तरी नुसतं घुमतं. त्यात पंखा आणि वॉटर पंप इंजिनावरच फिरत असतील तर कमी आरपीएमवर तेपण हळू, डिझेल मात्र पूर्ण जातंय, मग तापणार नाही तर काय.

टायरची साइज आधी बरोबर मोजा, इथं बरेच जण चुकतात. टायरवरचे आकडे कागदी असतात. 235/75 आर 15 म्हणजे 235 चे 75 टक्के 176.25 मिलिमीटर, त्याची दुप्पट 352.5, अधिक रिम 15 गुणिले 25.4 म्हणजे 381, एकूण 733.5 मिलिमीटर, म्हणजे 28.9 इंच. आणि 33 चा टायर म्हणजे 33. पण गाडीचं वजन पडलं की टायर खाली दबतो, त्यात माल, त्यात हवा किती, रस्त्यावर तो तेवढा राहत नाही. म्हणून उस्तादांनी दाखवलेली पद्धत वापरा. हवा बरोबर भरा, नेहमीचा माल ठेवा, मागच्या टायरवर आणि खाली फरशीवर खडूनं एक रेघ मारा, गाडी सरळ ढकला, टायरवरची रेघ परत खाली आली की तिथं दुसरी खूण करा, टेपनं मोजा. माझ्या जुन्या टायरचा एक फेरा 224 सेंटीमीटर निघाला, नव्याचा 257. भागाकार 1.147. म्हणजे टायर जवळपास पंधरा टक्के मोठा, आणि चाकावरची ओढ जवळपास तेरा टक्के कमी.

याच आकड्यानं ॲव्हरेजचापण उलगडा झाला. माझ्या गाडीत स्पीडोमीटर ट्रान्स्फर केसवरून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या साफ्टला वाटणारा डबा) चालतो, म्हणजे तो साफ्टचे फेरे मोजतो, टायर किती मोठा आहे ते त्याला कळत नाही. काटा 78 दाखवायचा तेव्हा गाडी खरी 90 ला असायची. किलोमीटरपण तेवढेच कमी पडायचे, म्हणून मीटरवरचं साडेनऊ खरं तर 10.9 होतं. कमी झालं होतंच, पण वाटत होतं तेवढं नाही. मोबाईलच्या जीपीएसवर नाहीतर रस्त्याकडच्या किलोमीटरच्या दगडांवर ताडून बघा. ज्या गाड्यांत स्पीड एबीएसच्या सेन्सरवरून, म्हणजे थेट चाकावरून घेतात, तिथं टायरचा फरक असाच पडतो पण क्राऊन-पिनियन बदलल्यानं काटा हलत नाही, तो कॅलिब्रेटच करावा लागतो.

गाडीत सध्या कोणता रेशो आहे ते आरसी बुकात सापडणार नाही. डिफ्रन्शलच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टला कधी कधी पत्र्याची बारकी पट्टी असते त्यावर असतं, पण जुन्या गाडीत ती पट्टी कुठं राहते. कव्हर उघडलं तर क्राऊनवरच दातांचे आकडे कोरलेले असतात, माझ्यावर 41 आणि 11 होते, 41 भागिले 11 म्हणजे 3.73. उघडायचं नसेल तर सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. साफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करून वर उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात साफ्ट किती फेरे फिरते ते मोजा. साफ्ट पावणेचारच्या आसपास फिरली तर 3.73. दोनच फेरे का, तर दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, अशा वेळी क्राऊनच्या एका फेऱ्याला मोकळं चाक दोनदा फिरतं. लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकं एकमेकांना बांधणारं डिफ्रन्शल) असलेल्या गाडीत हे चालणार नाही, तिथं दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा मोजा.

आता रेशो काढायचा. जुनी ओढ जशीच्या तशी परत पाहिजे असेल तर जुना रेशो गुणिले टायरचा भागाकार. माझं 3.73 गुणिले 1.147 म्हणजे 4.28. एवढं काढलं की बरेच जण थांबतात आणि जो जवळचा मिळेल तो सेट आणतात. तिथं थांबू नका. तुम्ही रोज ज्या स्पीडला, ज्या गिअरला, जेवढ्या मालावर चालता तिथं आरपीएम किती पडतो ते काढा. फॉर्म्युला असा, स्पीड गुणिले 1667, भागिले टायरचा एक फेरा सेंटीमीटरमध्ये, म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे आले. त्याला रेशोनं गुणा, मग गिअरच्या आकड्यानं, म्हणजे त्या गिअरच्या स्वतःच्या रेशोनं गुणा. माझा पाचवा 0.80 आहे, चौथा सरळ 1.

माझे 90 च्या स्पीडला, पाचव्यात आलेले आकडे असे होते :

जुने टायर, 3.73 : 2000
33 चे टायर, 3.73 : 1740
33 चे टायर, 4.10 : 1915
33 चे टायर, 4.30 : 2010
33 चे टायर, 4.56 : 2130
33 चे टायर, 4.88 : 2280

दुसरी ओळ बघा. 1740. माझं इंजिन 1800 पासून ओढतं आणि मी त्याला रोज 1740 वर माल ओढायला लावत होतो. आणि चौथ्यात तोच हिशोब केला तर 2180 येतो, म्हणून चौथ्यात गाडी जिवंत व्हायची. दीड वर्षाचं दुखणं या दोन आकड्यांत होतं.

4.10 मी लगेच सोडला. दोन्ही ॲक्सल उघडायचे, बेअरिंग, सील, मजुरी सगळं तेवढंच लागणार आणि पदरात अर्धंच पडणार. खरा प्रश्न 4.30 आणि 4.56 मध्ये होता. हिशोबानं 4.30 बरोबर बसतो, 2010, जवळपास जसा होता तसा. पण हिशोबात टायरचं वजन येत नाही. मड टायर जुन्यापेक्षा बराच जड, फिरणारं वजन आहे ते, उचलायला जोर लागतो, गोट्या (टायरवरचे ठोकळे) मोठ्या म्हणून रस्त्याला चिकटतो, आणि गाडी वर उचलली म्हणून वारापण जास्त अडतो. म्हणजे टायर पंधरा टक्क्यांनी मोठा असला तरी इंजिनावर बोजा त्याच्याहून जास्त पडतोय. माल भरून घाट चढणाऱ्यानं हिशोबाच्या आकड्याच्या एक पायरी वर जावं असं माझं ठाम मत झालंय. रिकामी गाडी हायवेला पळवणाऱ्यानं हिशोबाच्याच आकड्यावर थांबावं. मी 4.56 घेतला.

4.88 का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. नेटवर अमेरिकन गाड्यांचे तक्ते फिरतात, 33 ला हा टाका, 35 ला तो टाका, आणि पोरं तेच बघून ऑर्डर देतात. ते तक्ते बहुतेक मोठ्या पेट्रोल इंजिनासाठी असतात, ती इंजिनं वरच्या आरपीएमला खेळतात. आपलं डिझेल चार हजारच्या आसपास संपतं. 4.88 वर 110 ला पाचव्यात 2790 येतात, समृद्धीवर तासभर तसं चालायचं म्हणजे आवाज आणि डिझेल दोन्ही. 4.56 वर तेच 2600. दुसरं कारण दातांचं आहे आणि हे कुणी सांगत नाही. रेशोचा आकडा जितका मोठा घ्याल तितका पिनियन बारीक होतो. 41 भागिले 11 म्हणजे 3.73, 41 भागिले 9 म्हणजे 4.56, आणि 39 भागिले 8 म्हणजे 4.88. क्राऊन तेवढाच, पिनियनचे दात कमी, त्याचा घेर लहान, आणि त्याच्यावर जोर टाकणारा टायर मात्र मोठा. लहान ॲक्सलमध्ये आठ दातांचा पिनियन टाकून 33 च्या टायरवर चिखलातून माल काढायचा म्हणजे दात तुटायला निमंत्रण आहे. उस्ताद पण नऊ दातांच्या खाली नको म्हणले.

आता फोर बाय फोरवाल्यांनी हे मन लावून वाचा. दोन्ही ॲक्सलचा रेशो एकच पाहिजे. मला एका ठिकाणी सांगितलं की पुढचा राहू दे, मागचाच बदल, खर्च निम्मा होईल. मागं 4.56 आणि पुढं 3.73 ठेवून फोर बाय फोर टाकलं तर पुढची साफ्ट आणि मागची साफ्ट वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि ट्रान्स्फर केस दोघांना एकत्र बांधून ठेवतो. मग काहीतरी पीळ खाणार, साफ्टचा जॉइंट, ट्रान्स्फर केसची चेन, नाहीतर दात. चिखलात टायर घसरून थोडं सांभाळून घेतात पण एवढ्या फरकाला चिखलपण पुरत नाही. 4.10 आणि 4.11 असा बारीक फरक चालतो, कारण तो एक टक्कासुद्धा नाही. म्हणून पैसे निम्मेच असतील तर थांबा, पैसे जमवा, पण मागचा एकटा बदलून फोर बाय फोरचा लिव्हर ओढू नका. पुढं मागं वेगळ्या साइजचे टायर टाकणाऱ्यांनापण हेच लागू आहे.

यामुळंच रेशो ठरवायच्या आधी दुकानात विचारायची पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या ॲक्सलला हा सेट मिळतो का. मागच्याला मिळून जातो, पुढच्याला नसतो. पुढचं आणि मागचं ॲक्सल वेगळ्या साइजचं असतं बऱ्याच गाड्यांत, एकाचा सेट दुसऱ्यात बसत नाही. मी ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन्ही सेट समोर ठेवायला लावले आणि दात मोजले, चारी आकडे वहीत लिहून घेतले.

अजून एक अडचण, जी कळली नाही तर सेट घरी येऊन पडून राहतो. पिनियन बारीक झाला की क्राऊनला त्याच्याजवळ सरकावं लागतं, त्यासाठी क्राऊन ज्या केसवर बोल्टनं बसतो ती केस वेगळी लागते नाहीतर जाड क्राऊन लागतो. कुठल्या रेशोपासून केस बदलते हे प्रत्येक ॲक्सलचं ठरलेलं असतं. उदाहरण द्यायचं तर डाना या अमेरिकन कंपनीच्या डाना 44 ॲक्सलमध्ये 3.73 आणि त्याच्याहून लहान आकड्याचे रेशो एका केसवर, आणि 3.92 पासून पुढचे मोठ्या आकड्याचे रेशो दुसऱ्या केसवर. डाना 60 ला हाच सांधा 4.10 आणि 4.56 च्या मध्ये आहे. तुमच्या ॲक्सलचा सांधा कुठं आहे ते सेट घेतानाच विचारा, केस लागत असेल तर तिचा खर्च आधीच धरा. मला दोन्हीकडं केस लागली.

बसवायचं काम कुठल्याही गॅरेजला देऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो. इंजिन चांगलं बांधणारा मिस्त्री डिफ्रन्शल चांगला बांधेलच असं नाही. पिनियन किती खोल बसला ते शीम (पातळ चकत्या) टाकून ठरतं, क्राऊन आणि पिनियनमधला ढिलेपणा डायल गेज लावून मोजतात, साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर, पण आपल्या सेटसोबत जो आकडा आलाय तोच खरा. मग दातांना मार्किंगचा रंग लावून फिरवून बघतात की दात कुठं टेकतोय, मधोमध टेकला पाहिजे, टोकाला नको आणि मुळालाही नको. उस्तादांनी मागच्या ॲक्सलला चार वेळा शीम बदलून परत परत रंग लावला, अख्खा दिवस गेला. मी तिथंच बसून होतो, तिसऱ्यांदा मला वाटलं आता बरोबर आहे, ते म्हणले नाही, अजून मुळाकडं टेकतोय, आणि सगळं परत खोललं. ज्या गॅरेजात डायल गेज नाही आणि "अंदाजानं बसवतो, कितीतरी बसवलेत" म्हणतात, तिथून गाडी वापस आणा. पिनियनची क्रश स्लीव्ह (दबून बेअरिंगला ताण देणारी नळी), सील आणि बेअरिंग नवीनच टाका, जुनी स्लीव्ह एकदा दबलेली असते, परत तेवढा ताण देत नाही. क्राऊनच्या बोल्टांना लॉकटाइट आणि टॉर्क रेंच.

बसवल्यावर लगेच माल भरू नका. जीएल 5 चं गिअर ऑइल टाकलं, 80 डब्ल्यू 90. पहिल्यांदा नेकनूरच्या बाजूला वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी, सावकाश, स्पीड कमी जास्त करत नेली आणि मग अर्धा तास थंड होऊ दिली. असं तीन-चार वेळा केलं. नवे दात एकमेकांवर घासून बसत असतात तेव्हा उष्णता भरपूर निघते, त्याच वेळी ओझं टाकलं तर दातांचा कडकपणा जातो आणि मग कितीही चांगलं बसवलेलं असू द्या, आवाज सुरू होतो. पहिल्या आठशे किलोमीटरला माल नाही, आणि आठशेला ऑइल बदललं. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चमक असते, ती चालते, कणी हाताला लागायला लागली तर कव्हर उघडा. ॲक्सिलेटर दिल्यावर किंवा सोडल्यावर ठरावीक स्पीडला घूंऽऽ असा आवाज आला तर "होईल सेट" म्हणून चालवत राहू नका, तो सेट होत नसतो.

मला काय फरक पडला ते सांगतो. मांजरसुंब्याचा घाट माल भरून परत तिसऱ्यावर, काटा जागेवर. पाचवा आता खरंच पाचवा आहे, 90 ला 2100 च्या आसपास. गोदामाच्या उतारावर रिव्हर्सला वास नाही. दुसरी क्लचप्लेट, जी बदलावी लागणार होती, ती अजून चालू आहे, एक पावसाळा आणि उसाचा एक हंगाम गेला तिच्यावर. ॲव्हरेज खऱ्या किलोमीटरवर साडेअकराच्या आसपास आलं. 13 परत आलं नाही आणि येणारही नाही, टायर जड आहेत आणि गाडी उंच आहे, ती किंमत द्यावी लागते. स्पीडोमीटर आता उलटा झाला, खरे 90 असताना 96 दाखवतो.

जे सुटलं नाही तेपण लिहितो. ब्रेक. मोठ्या टायरला थांबवायला जास्त जोर लागतो आणि क्राऊन-पिनियननं त्यात काही होत नाही. घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळायला लागलं हे खरं, पण पॅड आणि लायनर चांगल्यातले टाका आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. आणि कायद्याचं, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी टायरकडं आणि उंचीकडं बघतात. व्यवसायाच्या गाडीला पासिंगपण आहे. आधी चौकशी करा, मी हे उशिरा बघितलं.

सगळ्यांनीच ॲक्सल उघडायची गरज नाही, हेही सांगतो. लातूरच्या मामेभावानं हे ऐकून मला लगेच फोन केला, "दादा, मी पण 4.56 टाकू का?" त्याची ऑटोमॅटिक आहे, 245/70 आर 16 काढून 265/75 आर 16 टाकलेत. हिशोब केला, 749 मिलिमीटरवरून 804, म्हणजे सव्वासात टक्के. त्याचं दुखणं एवढंच की चढावर गिअर सारखे वर-खाली होतात. त्याला म्हणलं काहीच उघडू नको, घाटात मॅन्युअल मोडवर वरचा गिअर बंद ठेव म्हणजे गिअरबॉक्सची उगाच धावपळ होणार नाही आणि ऑइल तापणार नाही, आणि गिअरबॉक्सचं ऑइल जरा लवकर बदल. सात-आठ टक्क्यांपर्यंत टायर वाढला असेल आणि माल नसेल तर एक गिअर खाली चालवून भागतं. दहाच्या वर गेला आणि गाडीला काम करायचंय, तर मग खडू घ्या आणि फेरा मोजा.

कुणाला हिशोब करून पाहिजे असेल तर चार गोष्टी लिहा, जुन्या आणि नव्या टायरचा खडूनं मोजलेला फेरा, क्राऊन आणि पिनियनचे दात, वरच्या गिअरचा आकडा, आणि रोज कुठल्या रस्त्यानं किती माल घेऊन जाता. नुसतं "33 टाकलेत, कोणता रेशो घेऊ" असं विचारलं तर मला सांगता येणार नाही.